बेकनची चरबी आणि सासूबाईंचा नेम

राजूर, ८ डिसेंबर १९५८, सोमवार

आज मी खाणीच्या मॅनेजर साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकीण झाले. 'झाले' म्हणणं जरा घाईचं होतंय. जुना खानसामा गावी गेलाय, तो येईपर्यंत चूल माझ्याकडे. जमलं तर कायमची ठेवीन, असं मडम म्हणाल्या. तीन महिने मी तिथे नुसती भांडी घासत होते. खानसामा काय करतो ते घासता घासता डोळ्यांनी उचललं. शिवाय वणीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढा फायदा झाला की मला घड्याळ कळतं. चार मिनिटांचं अंडं म्हणजे चारच मिनिटं. मडम त्यावरच खूश झाल्या.

ही नोकरी मला पाहिजेच आहे. बंगल्यावर यायच्या आधी वर्षभर मी खाणीवर डोक्यावरून कोळशाच्या टोपल्या वाहिल्या. परत तिकडे जायचं नुसतं मनात आलं तरी मान दुखायला लागते.

घरी आल्यावर सांगितलं. आमचे हे, म्हणजे धर्मपाल (तोंडाने नाव घेत नाही, पण वहीत कोण ऐकतंय), नुकतेच खाणीतल्या पाळीवरून आले होते. सगळा चेहरा काळा, हसले तेव्हा दात तेवढे दिसले. सासूबाई मात्र तूर निवडत राहिल्या. सूप खाली ठेवल्यावर म्हणाल्या, "काम कर, माहं काही म्हणणं नाही. पण त्या घरचं उरलंसुरलं आपल्या उंबरठ्याच्या आत आलं, का त्या दिवशी तुहं काम बंद. मंग मॅनेजर येवो नाही तर त्याचा बाप."

हा नेम दोन वर्षांपूर्वीचा. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई घरोघर जाऊन उरलेल्या भाकरी आणत. गावाचं काम करायचं आणि बदल्यात ते घ्यायचं, अशीच रीत होती. नागपूरला दीक्षा घेऊन परत आल्या त्या दिवशी त्यांनी भाकरी आणायची टोपली चुलीत घातली. त्या टोपलीवर चहा उकळला आणि तो सगळ्यांना पाजला, असं हे सांगतात. तेव्हापासून कोणाचं उरलेलं आमच्या घरात येत नाही. मला ते मनापासून पटतं.

११ डिसेंबर

साहेबांना सकाळी अंड्याबरोबर बेकन लागतं. बेकन म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या. नागपूरहून गाडीने येतात. तव्यावर टाकल्या की अंग चोरतात आणि एवढी चरबी सोडतात की पट्टीपेक्षा चरबीच जास्त. मडमने एक गोल डबा दाखवला. "इसमें रखो," म्हणाल्या.

ठेवली. आज सकाळी पाहते तर डब्यात पांढरा गोळा. आता हे कालचं, तव्यात उरलेलं, ते काय परत साहेबांच्या ताटात घालायचं? आपण स्वतः उरलेलं खात नाही आणि दुसऱ्याला वाढायचं? मोठा माणूस झाला म्हणून त्याला काय मान नाही? न्हाणीच्या मागे खड्डा आहे तिथे टाकून आले, आणि डबा राखेने घासून लखलखीत करून जागेवर ठेवला.

मडमने डबा उघडला, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. झाकण लावून निघून गेल्या. पण मनातून खूश झाल्या असणार.

१७ डिसेंबर

रोज डबा घासते. आज मडमने तो उलटा करून खालूनही पाहिला. इतका स्वच्छ हात त्यांनी याआधी पाहिला नसेल. खानसामाच्या वेळी तो डबा नेहमी तेलकट असायचा.

साहेबांच्या कुत्र्याला, टोबीला, काय झालंय कोण जाणे. पोट सुटलंय, चालताना धापा टाकतो. मडमने त्याचं जेवण अर्ध्यावर आणलं तरी तो फुगतच चाललाय. बंगल्याचे चौकीदार बाबूसिंग म्हणतात की त्याला नजर लागली. मी आपलं मीठमोहरी ओवाळून टाकावं म्हटलं, तर तो मला सोडून न्हाणीमागेच पळाला.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज मडमचा मोठा सण, नाताळ. आणि आज माझी नोकरी जाता जाता राहिली.

सकाळीच मडम मैदा घेऊन चुलीपाशी आल्या. त्यांना स्वतःच्या हाताने काहीतरी भाजायचं होतं. डबा उघडला. आत त्यांचाच चेहरा दिसला असणार, इतका तो चमकत होता. "नलू, इसका माल किधर?" मी अभिमानाने म्हटलं, "साफ किया, मेमसाब. रोज साफ करती." "रोज?" "रोज. कल का बचा हुआ साहेब को कैसे देंगे?"

मडम स्टुलावर बसल्या. मला वाटलं, संपलं, उद्यापासून टोपली. पण त्या हसायला लागल्या. टोबी दारात आला तसं त्याच्याकडे बोट दाखवून आणखी हसल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि नंतरही बराच वेळ पुसत होत्या. माणसाला एवढं हसू येतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं की चरबी उरलेली नसते, साठवलेली असते. त्यांच्याकडे तिच्यात अर्धा स्वयंपाक होतो. मी पंधरा दिवस त्यांचा अर्धा स्वयंपाक कुत्र्याला घातला होता. टोबीला लागलेल्या नजरेचं कारण मी बाबूसिंगांना सांगितलेलं नाही.

२७ डिसेंबर

मडम शिकवतायत. चरबी गरम असतानाच फडक्यातून गाळायची, म्हणजे जळके कण आत जात नाहीत आणि ती आंबट होत नाही. झाकून थंड जागी ठेवायची. तिच्यात अंडी तळायची, उकडलेले बटाटे परतायचे, कोबी परतायचा. शिळ्या पावाचे तुकडे तळून सूपवर टाकायचे. चमचाभर चरबीत मैदा भाजून दूध ओतलं की दाट रस्सा होतो. केक भाजायच्या भांड्यालाही आतून तीच चोळतात. आपल्याकडे तुपाला जेवढी कामं नाहीत तेवढी या गोळ्याला आहेत.

२९ डिसेंबर

बटाटे परतले. मीठ नेहमीसारखं घातलं. चरबी मुळातच खारट असते हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. साहेब सभ्य माणसासारखे तीन ग्लास पाणी प्याले. मी चव घेतली असती तर कळलं असतं. पण मी तिथलं तोंडात घालत नाही. साहेबांच्या आधी मी खाल्लं तर ते त्यांच्यासाठी उष्टं, आणि नंतर खाल्लं तर माझ्यासाठी. यातून वाट कशी काढावी ते सुचत नाही.

४ जानेवारी १९५९

वाट निघाली. रांधताना एक चमचा निराळ्या वाटीत काढते आणि त्यातलं चाखते. ते आधीही नाही आणि नंतरही नाही. धर्मपाल म्हणाले, "तू वकील व्हाची होती."

सासूबाईंचा पहारा मात्र वाढलाय. रोज संध्याकाळी घरात पाय टाकला की सुरू. आज काय केलं? चरबी किती घातली? कढल्यावर वास कसा सुटला? मी काही चोरून आणते का ते पाहायला विचारतात, दुसरं काय. काल मी म्हटलं की चरबीत मोहरी टाकली की धूर होतो आणि मडम खोकतात, तर म्हणाल्या, "काहून नाही होणार? ते तेल नोहे. विस्तव मागं ओढ, निवू दे जराशी, मंग टाक मोहरी." नुसत्या ओघात बोलल्या. आज सकाळी माझा हात आपोआपच निखारे मागे ओढायला गेला आणि अजिबात धूर झाला नाही. हळूहळू मला अंदाज यायला लागलाय.

११ जानेवारी

आज भरीत केलं. साहेब दौऱ्यावर, मडम एकट्या, म्हणाल्या तुझ्या घरचं काहीतरी कर. आपल्याकडची हिरवी वांगी बंगल्याच्या शेगडीत भाजली. कोळशाला तर राजुरात तोटा नाही. सोलून ठेचली, कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची आणि वरून बेकनच्या चरबीची फोडणी. मीठ नावालाच. मडम उभ्यानेच कढईतून खायला लागल्या. मग बशी घेतली, बसल्या, आणि भाकरी संपली तेव्हा पाव घेतला. मिरचीने नाक लाल झालं तरी थांबल्या नाहीत.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पात कच्ची टाकली का परतून?" कच्ची म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि दुसरीकडे पाहिलं. बहुतेक रागच आला असावा.

१९ जानेवारी

खानसामाचं पत्र आलं. तो परत येणार नाही. साहेब म्हणतात, नागपूरहून शिकलेला खानसामा आणू. मडम म्हणतात, नलूच पाहिजे. महिनाअखेरीला ठरणार आहे. मला आनंदाने काही सुचेना. दोनदा चहात साखर घातली.

आणि निघताना मडमने माझ्या हातात एक झाकणाचा डबा दिला. गाळलेली चरबी, गच्च भरलेली. "घर में खाना बनाओ. तुम्हारा मेहनत."

आता काय करायचं? नको म्हटलं तर मडमचं मन मोडतं, आणि नेमकं याच आठवड्यात. घरी नेलं तर सासूबाई काम बंद करतात. मी रस्ताभर विचार केला. सासूबाईंचे शब्द होते, उंबरठ्याच्या आत. म्हणून डबा अंगणात गोवऱ्यांच्या ढिगात ठेवला. नेम मोडला नाही आणि मडमही दुखावल्या नाहीत. ह्यांना तेवढं सांगितलं. त्यांनी डबा उघडून बोटभर चाटली आणि पुन्हा झाकण लावलं. वकिलीबद्दल यावेळी काही बोलले नाहीत.

२३ जानेवारी

सापडला. सासूबाई गोवऱ्या काढायला गेल्या आणि डबा हातात घेऊन आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "नलू, हे कोणाचं?"

मी सगळं सांगितलं. उंबरठ्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "डुकराचं मले काही नाही. रानडुक्कर तुह्या सासऱ्यानं मारून आणलं तवा मी सवताच्या हातानं रांधलं. पण देणाऱ्याच्या मागच्या दारातून निघून माह्या पुढच्या दारात आलेलं मी खूप खाल्लं. आता नाही."

मला रडू आलं. ते लाजेनं आलं, कारण मी त्यांच्या नेमाशी चलाखी केली होती. उद्या त्या स्वतः बंगल्यावर येणार आहेत. माझं काम आता नक्की गेलं.

२४ जानेवारी, शनिवार

सासूबाईंनी दीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसलं. डबा काखेत. मी मागे. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी मडमला हाक मारली आणि डबा पायरीवर ठेवला. "बाई, हे तुमचं. आमच्या घरात कोणाचं उरलेलं येत नाही."

मडमने माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं, "सासूबाई बोलती है, बहुत बढिया है, पर घर में रखने को जगह नहीं."

मडमला काही ते खरं वाटलं नाही. त्यांनी बाबूसिंगांना विचारलं. बाबूसिंग सरळ माणूस. म्हणाले, "बोलती है, किसी का जूठा नहीं खाती."

मडमचा चेहरा लाल झाला. मग त्या हळूहळू, अडखळत बोलल्या, आणि बाबूसिंग आम्हाला सांगत गेले. त्यांचे वडील विलायतेत कोळशाच्या खाणीत कोळसा खोदत. घरात माणसं बरीच आणि मांस थोडं. त्यांची आई तव्यातली चरबी जपून ठेवायची आणि रविवारी पावाला लावून प्रत्येकाला एकेक तुकडा द्यायची. सगळ्यांत मोठा तुकडा वडिलांचा. जूठा नाही, तो आमचा रविवार होता, असं मडम म्हणाल्या. आई जाऊन आठ वर्षं झाली. मला तो डबा दिला, कारण त्यांची आईही चांगल्या माणसाला अशीच चरबी द्यायची.

मी पाच महिने त्या घरात वावरते. मडम लहानपणापासून बंगल्यातच राहत असतील, असं मी धरून चालले होते.

सासूबाईंनी विचारलं, "कोयसा खोदत होते? सवताच्या हातानं?" मडमने होकाराची मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "माहा धोंड्याही खोदते." (ह्यांचं दीक्षेच्या आधीचं नाव धोंडू. आईच्या तोंडी अजून तेच.) मग म्हणाल्या, "तुमच्या मायनं ते घरच्यांच्या पंगतीत वाढलं. मागच्या दारानं नाही दिलं. मले पाहुणी म्हणून बसवता का? तुमच्या संगं, एका जागी? मंग खातो."

बाबूसिंगांनी हे सांगताना दोनदा खाकरून घेतलं. मडम तडक आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. तेवढ्यात पुढच्या दाराचा अडसर वाजला. मडम बंगल्याला वळसा घालून आल्या, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना पुढच्या दाराने आत नेलं. मीही त्या दाराने कधी आत गेले नव्हते. मी आपली मागच्या दाराने धावले, कारण वाढायला कोणीतरी पाहिजे होतं.

टेबलाशी दोघी समोरासमोर. मी ताज्या बेकनच्या चरबीत पाव तळला, अंडी केली. मडमने पहिला घास घेतला, मग सासूबाईंनी. खुर्चीत त्यांचे पाय खाली टेकत नव्हते, पण पाठ ताठ होती. चावून झाल्यावर म्हणाल्या, "मीठ जास्त हाय." मडमला ते भाषांतराशिवाय कळलं. दोघी माझ्याकडे पाहून हसल्या.

मग मडमने सरळ विचारलं. नलूला कायमची ठेवायची आहे, साहेबांना मी समजावलंय, तुम्ही काय म्हणता? सासूबाईंनी पदर सारखा केला. "एका बाजूनं जेवण नाही होत. पुढच्या रविवारी तुमी आमच्या घरी या. माह्या हातचं खा. मंग सांगतो."

२७ जानेवारी

सासूबाईंनी अंगण दोनदा सारवून घेतलं. म्हणतात मडमसाठी नाही, एरवीही सारवायचंच होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

मडम चालत आल्या. आमच्या मजुरांच्या लाइनीतली सगळी माणसं दारात उभी होती. मडमच्या हातात तोच डबा. पुढच्या दारात थांबल्या आणि दोन्ही हातांनी सासूबाईंना दिला, पाहुणीने आणलेला खाऊ द्यावा तसा. सासूबाईंनी तो घेतला आणि उंबरठ्याच्या आत नेला.

त्यांनी मला चुलीजवळ येऊच दिलं नाही. वांगी भाजली, ठेचली, डब्यातली चरबी कढवली, विस्तव मागे ओढला, जराशी निवू दिली आणि मोहरी टाकली. धूर नाही की काही नाही. मीठ घालताना पाहते, तर त्यांनी आधीच अर्धंच घेतलेलं. महिनाभर त्या मला एवढं का विचारत होत्या ते मला आत्ता कळलं, आणि मी त्याला पहारा म्हणत होते.

मडम पाटावर बसल्या, गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. ह्यांनी आपला पाट सरकवून जागा दिली. चौघं एका पंगतीत जेवलो. मडमने दोन भाकरी खाल्ल्या. भरीत तर असं पुसून खाल्लं की सासूबाई आणखी वाढायला उठल्या, आणि मडमने हाताने नाही म्हटलं, पोटावर हात ठेवून.

मग कढईत राहिलेल्या भरताकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ये बचा हुआ, हम साहेब के लिए ले जाए?"

सगळं नीट झालं होतं, आणि शेवटी नेमकं हेच. सासूबाईंनी कढई उचलून मागे ठेवली.

"नाही," म्हणाल्या. "उरलेलं आमी कोणाले देत नाही."

मडमचा चेहरा उतरला. सासूबाईंनी टोपलीतून दोन ताजी वांगी काढली, त्यांना चरबी चोळली आणि निखाऱ्यात सरकवली. "बसा अजून. साहेबाले ताजं करून देतो. अन् नलू उद्या सकाळी येईन कामाले, रोज येईन. आज तिले पात चिरू द्या."

मडमने माझ्याकडे पाहिलं. यावेळी मी जसंच्या तसं सांगितलं. त्या परत पाटावर बसल्या आणि सोलायला लसूण मागितला.